पहिला रिमोट आता तुमच्या हातात

पत्र: "मी बेचाळीस वर्षांची. माहेर सांगलीचं, आता पिंपरी-चिंचवडला असते, बँकेत नोकरी करते. मी पाचवीत असताना मामाने मुंबईहून व्हिडिओ गेम आणला होता. पहिला रिमोट कायम दादाकडे, दुसरा माझ्याकडे. मारिओ, कॉन्ट्रा, टँक, बदकं. गेल्या महिन्यात लेकीचं निमित्त करून टीव्हीला लावायचा सहाशे गेमचा डबा मागवला. खरं तर माझ्यासाठीच. रोज रात्री सगळे झोपले की आवाज बंद करून खेळते. पण काहीतरी बिनसलंय. मारिओ हातात राहत नाही, पहिल्याच खड्ड्यात जातो. चित्रं फरशा बसवल्यासारखी दिसतात. माळ्यावर जुनी बंदूक सापडली होती, तीही टीव्हीवर लागत नाही. लेक पाच मिनिटं खेळून मोबाइलकडे वळली. दादाला बंगळूरला व्हिडिओ पाठवला, तर हसणारा चेहरा आणि 'अजून तेच का?' एवढंच आलं. सासूबाई रात्री पाणी प्यायला उठल्या होत्या, म्हणाल्या, 'हे काय वय आहे का?' तेव्हाचा आनंद खरंच तसा होता, की मीच मनाने रंगवला? डबा कुणाला देऊन टाकू का? की जुना सेट घेऊ? एकजण कॅसेटसकट विकतोय." – दोन नंबरचा रिमोट

प्रिय मैत्रीण,

डबा कुणाला देऊ नका. आणि तुम्ही मनाने काहीही रंगवलेलं नाही. तुमच्या लहानपणी मारिओ खरोखरच हळू पळत होता.

हे मी तुमची समजूत काढायला म्हणत नाही. आपल्याकडचे तेव्हाचे टीव्ही 'पाल' (PAL) नावाच्या प्रसारण पद्धतीचे. त्यांच्यावर चित्र सेकंदाला ५० वेळा उमटायचं. जपान-अमेरिकेत ते ६० वेळा उमटे. निन्टेन्डो कंपनीचा फॅमिकॉम हा टीव्हीला लावायचा गेमचा सेट १९८३ साली जपानात निघाला, तेव्हा त्याचे गेम साठच्या तालावरच बेतले गेले. एकेका चित्रागणिक मारिओने किती सरकायचं, किती उंच जायचं, हे ठरलेलं असतं. चित्रं कमी झाली की सगळा खेळच मंदावतो. आपल्या घरांत आलेले बहुतेक सेट म्हणजे फॅमिकॉमच्या नकला, पाल टीव्हीवर चालाव्यात म्हणून जुळवून घेतलेल्या. त्यांतल्या बऱ्याच सेटवर हेच गेम सुमारे सहाव्या हिश्शाने संथ चालत. गाण्याची लयसुद्धा तेवढीच उतरायची. तुमचा नवा डबा बहुधा साठच्या हिशेबाने चालतोय, म्हणजे जपानी मुलांनी खेळला त्या मूळ वेगाने. तुमची बोटं मात्र अजून सांगलीच्या लयीत उडी मारतात. सायकल चालवल्यासारखी हातांत मुरलेली सवय वर्षानुवर्षं पुसली जात नाही आणि इथे तीच तुमच्या आड येतेय. खड्ड्यात पडण्याचा वयाशी काही संबंध नाही.

यात आणखी एक भर आहे. पातळ पडद्याचे टीव्ही आलेलं चित्र आधी घासूनपुसून घेतात आणि मग दाखवतात. त्यात क्षणाचा काही अंश जातो. बातम्या बघताना ते कळणारही नाही, पण मारिओला उडी मारायला लावताना नक्की कळतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' शोधा आणि सुरू करा. तिथेच पडद्याचा आकार चारास तीन करा, म्हणजे ताणून लठ्ठ झालेला मारिओ पुन्हा अंगाने बेताचा होईल. एवढ्यावरच निम्मं बिनसलेलं जागेवर येईल. बाकीचं काही दिवसांच्या सरावाने येईल. बोटं नवी लय शिकतात, त्यांना थोडा वेळ द्या.

फरशांचंही तसंच आहे. या गेमचं अख्खं चित्र २५६ गुणिले २४० ठिपक्यांचं. काचेच्या नळीच्या टीव्हीवर प्रत्येक ठिपका शेजारच्यात किंचित मिसळायचा, कडा मऊ व्हायच्या. चित्रं काढणारेही तसल्याच पडद्यावर बघून ती काढत होते. आज तोच ठिपका धारदार चौकोन होऊन समोर येतो. म्हणजे तुम्हाला आठवतं ते गुळगुळीत चित्र खरंच तिथे होतं, फक्त त्यातला अर्धा भाग टीव्ही रंगवत होता. डब्यात 'स्कॅनलाइन' नावाची, जुन्या टीव्हीसारख्या आडव्या रेघा दाखवणारी सोय असेल तर लावून बघा, बरंच जवळ जाता येतं.

आणि बंदूक. ती बिघडलेली असेल असं समजून टाकून देऊ नका. तिच्यातून काहीच सुटत नसे, तिच्या नळीत एक डोळा होता. चाप ओढला की पडदा एका चित्रापुरता काळा व्हायचा आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा. डोळ्याला आधी काळोख आणि मग उजेड दिसला तर बदक पडलं. आधीचा काळोख यासाठी, की कुणी बंदूक सरळ घरातल्या बल्बवर रोखून फसवू नये. नळीच्या टीव्हीवर हे सगळं क्षणार्धात व्हायचं. नवा टीव्ही तो चौकोन उशिरा दाखवतो आणि तोवर गेमने 'चुकला' असं ठरवलेलं असतं. नव्या टीव्हीवर या बंदुकीचा उपयोग नाही, तो नाद सोडा.

हे झालं यंत्राचं. पण तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तुम्ही ओझरतं लिहून पुढे गेलात: पहिला रिमोट कायम दादाकडे.

दुसऱ्या रिमोटवर खेळणं म्हणजे काय, ते जरा नीट आठवून बघा. फॅमिकॉमच्या दुसऱ्या रिमोटला स्टार्ट आणि सिलेक्ट ही बटणंच नव्हती. खेळ कधी सुरू करायचा, कधी थांबवायचा, कुठला लावायचा, यातलं काहीच त्या हाताला ठरवता येत नसे. मारिओमध्ये दुसऱ्याचा लुइजी. त्याची पाळी कधी येणार? मारिओ मेल्यावर. दादा चांगला खेळत असेल तर तुम्ही भिंतीला टेकून बघत बसलेल्या. कॉन्ट्रामध्ये दोघं एकत्र, पण धबधब्याचा टप्पा आठवा. वर चढणारा पुढे सुटला की पडदा वर सरकतो आणि मागे राहिलेला, बहुतेक वेळा लाल पँटवाला दुसरा, खालच्या कडेला लागून मरतो. किती घरांत त्या धबधब्यावर भांडणं झाली असतील! गंमत म्हणजे बदकांच्या गेममध्ये एकजण बंदूक चालवत असताना दुसऱ्याला रिमोटवरून बदक उडवता येतं, पण हे आपल्याकडे क्वचितच कुणाला ठाऊक होतं. ते माहीत असतं तर दादाच्या हातून किती बदकं निसटली असती.

आणि व्हिडिओ गेम पार्लर तर आणखी वेगळं. कॅपकॉम कंपनीचा १९९३ सालचा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', ज्याला सगळा भारत आजही त्यातल्या एका पात्राच्या नावाने 'मुस्तफा' म्हणतो, तो गल्लीतल्या अंधाऱ्या खोलीत नाणं टाकून खेळला जायचा. तिघांना एकत्र खेळता यायचं, मुस्तफा धावत येऊन लाथ घालायचा. तुमच्या दादाच्या वयाच्या मुलांनी त्यावर खाऊचे पैसे उडवले. मुलींना त्या खोलीत जायची सोय नव्हती. बऱ्याच जणींनी मुस्तफाचं वर्णन फक्त भावाच्या तोंडून ऐकलं.

म्हणून मला तुमचं हे 'लहानपणात परत जाणं' वाटतच नाही. परत जायला आधी तिथे पुरतं असावं लागतं. तुम्ही त्या खेळांच्या कडेला बसून होतात. पहिला रिमोट तुमच्या हाती आज आलाय, बेचाळिसाव्या वर्षी. तेव्हाचा आनंद आता हुबेहूब भेटावा, ही अपेक्षा सोडून द्या. त्यात दादाची कोपरखळी होती, आईची 'अभ्यास झाला का' ही हाक होती, सुट्टी होती. ते काही डब्यातून येणार नाही. पण जो मारिओ तुम्ही कधी शेवटपर्यंत खेळलाच नाहीत, तो आता तुमच्यासाठी नवा गेम आहे. तो नव्या गेमसारखाच खेळा.

आणि मोठ्या माणसाच्या डोळ्यांनी खेळा, कारण त्या डोळ्यांना दिसण्यासारखं त्यात खूप आहे. सुपर मारिओ ब्रदर्स १९८५ चा. अख्खा गेम ४० किलोबाइटांत बसतो. तुम्ही दादाला पाठवलेला व्हिडिओ त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा असणार. जागा वाचवायला काय काय केलंय बघा. आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे, एकदा पांढरं रंगवलेलं, एकदा हिरवं. हे एकदा दिसलं की पुन्हा न दिसणं शक्य नाही. मग पहिल्या टप्प्याची सुरुवात बघा. एक शब्दही न लिहिता खेळ कसा शिकवलाय! समोरून तो तपकिरी गुम्बा चालत येतो, उडी मारली नाही तर मरता, म्हणून उडी शिकता. प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्यातून कुकुरमुत्ता निघतो, पुढच्या पाइपाला आपटून उलटा तुमच्याकडेच येतो. घाबरून पळालात तरी बहुधा तो अंगावर येतोच, आणि मोठे झालात की कळतं, हा शत्रू नव्हता. अकराव्या वर्षी आपण हे सगळं शिकलो आणि शिकवणारा कुठे दिसलाच नाही. शिगेरू मियामोतो आणि त्याच्या सहकाऱ्यांची ही करामत आहे. मला तिच्याबद्दल मनापासून आदर वाटतो.

आता पहिली अट. आवाज बंद करून खेळणं आजपासून बंद. कोजी कोंडोचं संगीत ऐकल्याशिवाय मारिओ खेळणं म्हणजे अर्धाच गेम खेळणं. त्या यंत्राला मोजून पाच आवाज एका वेळी काढता येत, त्यातच गाणं आणि त्यातच उडीचे, नाण्यांचे आवाज बसवायचे. नाणं वाजलं की गाण्यातला एक सूर क्षणभर बाजूला होतो, कारण त्याची जागा नाण्याने घेतलेली असते. एका शांत दुपारी कान देऊन ऐका, सापडेल.

शांत दुपार मी मुद्दाम म्हणतेय. रात्री अकरानंतर, दार लोटून, आवाज मारून जे करतो ते आपलं आपल्यालाच चोरीसारखं वाटायला लागतं. मग सासूबाईंनी पाणी पिता पिता म्हटलेलं एक वाक्य महिनाभर टोचत राहतं. त्यांनी कदाचित सहज विचारलं असेल, त्या अंधारात उजेड बघून दचकल्याही असतील. रविवारी जेवणं झाल्यावर हॉलमध्ये, सगळ्यांसमोर खेळा. विचारलं तर सांगा, मला हे आवडतं. त्याला आणखी कारण जोडायची गरज नाही. 'ताण कमी होतो', 'मेंदूला चालना मिळते' असले दाखले तर अजिबात देऊ नका. नाट्यगीतं ऐकणारं माणूस असा खुलासा देत बसत नाही. आणि झोपेचा वेळ रोज या खेळाला देऊ नका, कारण सकाळी काउंटरवर बसायचंय. हे मात्र सासूबाईंच्या बाजूने.

वयाबद्दल मनात अजून काटा असेल तर हे ऐका. कॉन्ट्रामध्ये तीस लाइफ मिळवून देणारा मंत्र तुम्हालाही पाठ असेल: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी ए. तो मुळात काझुहिसा हाशिमोतो या, कॉन्ट्रा बनवणाऱ्या कोनामी कंपनीच्या माणसाने १९८६ साली 'ग्रॅडियस' नावाच्या दुसऱ्या गेमसाठी घातला. का? कारण गेम तपासायचं काम त्याच्याकडे होतं आणि तो त्याला स्वतःलाच पार होईना. हाशिमोतो २०२० साली गेले. त्यांनी स्वतःपुरती घातलेली सवलत जगभरच्या मुलांनी पाठ केली. हे खेळ मोठ्या माणसांनी जीव ओतून बनवले आणि त्यांना स्वतःलाही ते अवघड जायचे. तेव्हा तुम्ही तीस लाइफ घेऊन आठही टप्पे बिनदिक्कत पार करा. नंतर वाटलं तर तीन लाइफवर प्रयत्न करा, तो आनंद निराळा आहे. कॉन्ट्रा अधिकृतपणे हवा असेल तर कोनामीने २०१९ साली 'कॉन्ट्रा ॲनिव्हर्सरी कलेक्शन' काढलंय, संगणकावरही मिळतं. त्यातली जपानी आवृत्ती जरूर बघा, झाडांची पानं हलतात, बर्फाच्या टप्प्यात हिम पडतं. मुस्तफा मात्र असा विकत मिळणार नाही. तो एका अमेरिकी कॉमिकच्या हक्कांवर बेतलेला होता आणि घरी खेळायला तो कधी अधिकृतपणे निघालाच नाही.

अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली मोजून सांगितलं, की तिथे २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. मुस्तफा हे त्याचं आपल्या ओळखीचं उदाहरण. अशा काळात कुणीतरी हे खेळ मन लावून खेळतंय, त्यांच्याबद्दल बोलतंय, याचं मला मोल वाटतं.

आता लेकीचं. ती पाच मिनिटांत उठली, तर उठू द्या. 'आमच्या वेळी हे असलं होतं' या सुरात हातात दिलेली कुठलीही गोष्ट कुठल्याही मुलाला आवडत नाही, आणि तुमच्या आवाजात तो सूर नकळत आला असेल. तिला मारिओ देऊ नका. टँक द्या. नामको कंपनीचा 'बॅटल सिटी', हाही १९८५ चाच. अमेरिकेत तो विकायलाच आला नव्हता, पण नकली कॅसेटींतून आपल्या घराघरांत पोचला. त्यात पहिल्याच पडद्यावर 'कन्स्ट्रक्शन' असतं, आठवतंय? विटा, लोखंड, पाणी, झाडी लावून आपला नकाशा आपण करायचा आणि त्यावर खेळायचं. नकाशा तिला करू द्या. तिने केलेल्या चक्रव्यूहात तुम्ही अडकलात की ती पाचाची पंचवीस मिनिटं थांबेल. आणि दोघी खेळायला बसलात तर पहिला रिमोट तिला देण्याची घाई करू नका. आई असलं की हात आपोआप पुढे होतो. आलटून पालटून घ्या.

दादाचा प्रश्न नाजूक आहे, आणि मला वाटतं पत्राचं खरं कारणही तोच असावा. तुम्ही त्याला व्हिडिओ पाठवलात, त्याच्यासोबत बरंच न लिहिलेलंही पाठवलंत. त्याला फक्त व्हिडिओ दिसला. 'अजून तेच का?' या तीन शब्दांत टिंगल असेल, आठवणीने भरून येऊन काय लिहावं ते न सुचणंही असेल. त्याच्या पिढीतल्या पुष्कळ पुरुषांना दुसरं उत्तर शिकवलेलंच नाही. त्यावरून काही ठरवू नका. आणखी व्हिडिओही पाठवू नका. सरळ फोन करा, दिवाळीला येणार आहेस तर भाऊबीजेला संध्याकाळ मोकळी ठेव, कॉन्ट्रा खेळायचाय, असं सांगा. मोजकं आणि नेमकं. तो आला तर लाल पँट त्याला द्या. धबधब्यावर तुम्ही आधी चढा. मेला तर ओरडेल, ओरडू दे. पण तो नाहीच म्हणाला, किंवा आला आणि दहा मिनिटांत फोन बघायला लागला, तर त्याचा राग या खेळावर काढू नका. भाऊ परत मिळवायचा असेल तर त्याच्याशी बोलावं लागेल, ते काम कॉन्ट्रावर सोपवता येणार नाही. आणि तो आला नाही तरी तुमचा खेळ अपुरा राहत नाही.

शेवटी जुना सेट. हौस असेल तर घ्या, पण डोळे उघडे ठेवून. '९९९९ इन १' असं लिहिलेल्या कॅसेटीत तेवढे गेम कधीच नव्हते. तेच मोजके गेम वेगवेगळ्या नावांनी आणि वेगवेगळ्या टप्प्यांपासून पुन्हा पुन्हा भरलेले असत, हे तुम्हालाही आठवत असेल. त्या आकड्याला भुलून जास्त पैसे देऊ नका. जुने सेट अँटेनाच्या पिनेतून टीव्हीला लागायचे. तुमच्या टीव्हीला ते जमेल का, आधी तपासा. खरं तर अशा सेटसोबत नळीचा जुना टीव्ही मिळाला तरच त्याची मजा. तेव्हा तुमची माळ्यावरची बंदूकही कदाचित चालेल. टीव्ही बिघडला तर घरी उघडू नका, बंद केल्यावरही आत जबर दाबाची वीज राहते. जुना अडॅप्टर तापतो का ते हात लावून बघा. कॅसेट लागली नाही तर फुंकर मारायची नाही. आपण सगळे मारायचो, पण फुंकरीने काहीच सुधारत नसे, कॅसेट काढून पुन्हा नीट बसायची म्हणून ती चालायची. श्वासातल्या ओलाव्याने उलट धातूच्या पट्ट्या गंजतात. औषधाच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन त्या पट्ट्या हलक्या हाताने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग लावा. आणि विकणारा तुमच्यासमोर सेट सुरू करून दाखवायला तयार नसेल, तर घेऊ नका.